बाबांच्या नावाची खाट

माझी आई माणसं पायांवरून ओळखायची. यात काही विद्या नव्हती, धंद्याची सवय होती. परळच्या आमच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत, ती खाणावळ चालवायची. पंधरा-सोळा गिरणी कामगार दोन पाळ्यांत जेवायला यायचे, सगळे आमच्याच मालवणाकडचे, बायकामुलं गावाला ठेवून आलेले. ते भिंतीला पाठ लावून मांडी घालून बसत आणि आई कंबरेत वाकून या टोकापासून त्या टोकापर्यंत वाढत जाई. वाकलेल्या बाईला ताट दिसतं, गुडघा दिसतो आणि पाय दिसतात; तोंड बघायला मान वर केली की गरम आमटी कुणाच्या तरी मांडीवर. "त्या भेगांच्या टाचेक भात होयो काय इचार गो," असं ती मला सांगे, आणि मला बरोबर कळे की कोण. बाबांच्या उजव्या अंगठ्याचं नख गिरणीत लोखंडी तुकडा पडून कायमचं काळं झालं होतं. शांताराम म्हणून एक जण होता, त्याच्या डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसलेली, लाडावलेलं पोर कडेवर बसतं तशी. आई त्याला म्हणायची, "शांतारामा, तुझ्या त्या करंगळीक खाली उतराक सांग, बोट दमला आसतला." पंगत हसे. सगळ्यात मोठ्यांदा शांताराम हसे.

त्या खोलीत शांतता अशी मी कधी ऐकलीच नाही. पहाटे गिरणीचा भोंगा, मग पाट्यावर वरवंट्याची घरघर, स्टोव्हचा फरफराट, जिन्यात चपलांचा आवाज, आणि पंगत बसली की एकाच वेळी पंधरा माणसांचा भुरका. कुळथाची पिठी, भात, बांगड्याचं तिखलं, नाहीतर सुक्या जवळ्याची चटणी, वर सोलकढी. पुढच्या आयुष्यात मी पुष्कळ ठिकाणी जेवले, पांढऱ्या रुमालाच्या हॉटेलातही जेवले, पण भुरका मारायची सोय कुठेच नसते. आमची ताटं, वाट्या, पितळी डबे सगळ्यांवर बाबांचं नाव कोरून घेतलेलं होतं, "य. स. घाडी, परळ". चाळीत भांड्याला पाय फुटतात, म्हणून नाव हवंच. खाणावळ आईची, हात आईचे, कंबरदुखी आईची आणि नाव बाबांचं. मला आता याचा राग येतो. तिला कधी आला नसावा, निदान बोलली नाही.

गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी सात-आठ वर्षांची होते. भोंगा बंद झाला तरी आई त्याच वेळेला उठून बसायची आणि मग काय करायचं ते न कळून भांडी पुन्हा घासायची. महिन्यांवर महिने गेले. जेवणारे एकेक करून गावाला गेले, पाच-सहा उरले. तिखलं गेलं, मग भात गेला, पेज आली. तरी पंगत बसायची, आणि बाबा वयानं मोठे म्हणून सगळ्यांना धीर द्यायचे. बाबा विणकर. माणूस मऊ, पण संपाचं नाव निघालं की त्यांचा आवाजच वेगळा व्हायचा. अशात एक दिवस बातमी आली की शांताराम कामावर गेला. गिरणीचं दार उघडून, पोलिसांच्या गाडीतून काही लोकांना आत नेत होते, त्यात तो दिसला. दुपारी तो नेहमीसारखा पंगतीला येऊन बसला. बाबा उठले, त्याच्यापुढचं ताट उचललं, पाण्याचा तांब्या उचलला आणि म्हणाले, "संप मोडणाऱ्याक हंय पान नाय." शांताराम उठून गेला. तो का गेला कामावर, हे कुणी विचारलं नाही. गावाला त्याची बायको अंथरुणाला खिळली होती, हे मला किती तरी वर्षांनी कळलं.

दुसऱ्या दिवसापासून पंगत उठली की आई एका पितळी डब्यात पेज भरायची, वर चटणीचा गोळा ठेवायची आणि चाळीच्या मागच्या जिन्याच्या कठड्यावर डबा ठेवून यायची. शांताराम येऊन घेऊन जायचा. सकाळी डबा तिथेच, घासून लख्ख. आणि रिकामा कधीच नाही. आमच्यात कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. काहीतरी घालून द्यायचं, साखर तर साखर, फूल तर फूल. शांताराम बिचारा कधी दोन हिरव्या मिरच्या घालायचा, कधी लिंबू, एकदा नुसतं तुळशीचं पान. बाबांना हे ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे. एके सकाळी कठड्यावर डबा नव्हता. शांतारामही नव्हता. गावाला गेला म्हणाले. आईनं डब्याचं नाव काढलं नाही.

मग संप कधी संपला हेही कुणाला नीट सांगता येत नाही. तो विरून गेला. बाबांना गिरणीनं परत घेतलं नाही. पुष्कळ खेटे घातल्यावर ते हिंदमाताला एका साडीच्या दुकानात लागले. ज्यानं उभं आयुष्य कापड विणलं तो आता घड्या घालत होता. पण गिऱ्हाइकाला सूत बोटांत धरून समजावून सांगावं तर बाबांनीच, आणि त्यामुळे शेठचा जीव त्यांच्यावर होता. आईची खाणावळ आटून चार जेवणाऱ्यांवर आली. मी बारावी झाले आणि दादरला टायपिंगच्या क्लासला जाऊ लागले. दंगली होऊन गेल्या होत्या, कर्फ्यू उठला होता, लोक पुन्हा रस्त्यावर आल्यासारखे झाले होते. आणि त्र्याण्णवच्या मार्चमधला तो शुक्रवार आला.

आमच्या सोसायटीतली मंडळी दर मार्चमध्ये मोबाइलवर एकमेकांना विचारतात, त्या दिवशी तुम्ही कुठे होता? कोण बँकेत होतं, कोण बसमध्ये, कोण शाळेतून मुलांना आणत होतं. ज्यांचा जन्म झाला नव्हता तेही उत्तरं वाचतात. मी काही लिहीत नाही. माझं उत्तर तिथल्या चौकटीत मावणारं नाही, म्हणून ते इथे लिहिते आहे.

मी क्लासमध्ये होते. दुपारची वेळ, वीस-बावीस यंत्रांची टकटक, आणि त्या टकटकीतून लांबून एक दणका ऐकू आला. सर म्हणाले, "टायर फुटला असेल, लक्ष कागदाकडे." काही वेळानं दुसरा दणका झाला आणि तो लांब नव्हता. खिडकीची काच आत आली. समोरच्या मुलीच्या केसांत काचा चमकत होत्या आणि ती बोटं यंत्रावर तशीच ठेवून बसली होती. खाली आलो तर रस्त्यावर माणसं धावत होती, आणि निम्मी एका दिशेला तर निम्मी दुसऱ्या. कुणीतरी ओरडलं, बॉम्ब फुटलाय, वरळीलाही फुटलाय, सगळीकडे फुटतायत. सरांनी आम्हा मुलींना घोळक्यानं घरी जायला सांगितलं. मी घोळक्यातून निसटून हिंदमाताकडे धावले. बाबा दुकानात असतील, त्यांचा हात धरून घरी जाऊ, एवढंच डोक्यात होतं.

दुकानाचं शटर अर्धं खाली. शेठ आत खुर्चीवर घाम पुसत बसले होते. मला बघून त्यांचा चेहरा पडला. "यशवंत तर प्रभादेवीला गेला ने, बेटा. दीड वाजता. एक बाईची साडी द्यायला." प्रभादेवी म्हणजे वरळीच्या तोंडाशी. शेठ बरोबर माणूस देत होते, पण मी थांबले नाही. परळपर्यंत कशी आले ते आठवत नाही; एक चप्पल तुटली होती आणि ती मी हातात धरली होती, एवढं आठवतं.

घरी बाबा नव्हते. ते रोज तिसऱ्या प्रहरी जेवायला घरी येत, त्यांचं ताट झाकून ठेवलेलं होतं. आई दारात उभी होती. "तू इलंस," ती म्हणाली आणि माझ्या दोन्ही दंडांवरून हात फिरवून मी सगळी आहे ना ते तिनं पाहून घेतलं. मग, "बापूस खंय आसा तुझो?" मी प्रभादेवीचं सांगितलं. तिनं ताटावरचं झाकण उघडून पाहिलं आणि पुन्हा ठेवलं. आम्ही दोघी दाराशी उभ्या राहून जिन्याचा आवाज ऐकत राहिलो. शेवटी जिन्यात पावलं वाजली, पण ती तुकारामकाकांची होती. तुकारामकाका शेजारच्या खोलीतले, परळच्याच मोठ्या हॉस्पिटलात वॉर्डबॉय. कामाच्या कपड्यांतच धावत आले होते आणि कपड्यांवर रक्त होतं. "वहिनी, चला," ते म्हणाले. "जखमींची यादी लावलीय. तिच्यात य. स. घाडी, परळ, असं लिहिलंय. जिवंत आहे, घाबरू नका. मी चेहरा नाही बघितला, तसाच पळत आलो."

हॉस्पिटलच्या दारात लोकांची रांग लागली होती. मला वाटलं, सगळे आपल्यासारखेच कुणाला तरी शोधायला आले. तुकारामकाका म्हणाले, "रक्त द्यायला उभे आहेत." कॉलेजची पोरं, हमाल, एक भाजीवाली डोक्यावरची पाटी खाली ठेवून, ऑफिसातला टायवाला. कुणी बोलावलं नव्हतं त्यांना. मला आजही गर्दीचा राग आला, आणि मुंबईत तो दिवसातून चार वेळा येतो, की मी ती रांग आठवते. तीही गर्दीच होती.

वॉर्डात खाटा पुरल्या नव्हत्या, जमिनीवरही माणसं होती. सतरा नंबरच्या खाटेवरचा माणूस डोक्यापासून हनुवटीपर्यंत बांधलेला होता, नाकाचं टोक आणि ओठ तेवढे मोकळे. अंगावर चादर. खाटेशी जमिनीवर एक टॅक्सीवाला बसला होता, मांडीवर चेपलेला पितळी डबा धरून. शर्ट रक्तानं कडक झालेला. "आप इनके घर के?" त्यानं विचारलं. "बस स्टॉप पे पडे थे. हाथ से डब्बा छोडतेच नही थे. उसपे नाम पढके मैंनेच लिखवाया." त्यानं डबा आईच्या हातात दिला, दोन्ही हातांनी, आणि म्हणाला की अजून तिकडे माणसं पडली आहेत, मी जातो. आम्ही त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही, नावही नाही. इतकी वर्षं झाली, त्या माणसाचे आभार मानायचे राहिलेत ते राहिलेतच.

मी "बाबा" म्हणून खाटेवर झेपावणार तोच आईनं मला मागे ओढलं. ती खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिनं चादर वर केली. उजव्या पायाला गुडघ्यापर्यंत बँडेज होतं आणि त्यातून रक्त झिरपत होतं, पण अंगठा उघडा होता आणि त्याचं नख पांढरंस्वच्छ होतं. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसलेली होती.

"हे तुझ्या बापाशीचे पाय न्हय," आई हळूच म्हणाली. "ह्यो शांताराम."

मला काय वाटलं ते खरं खरं लिहिते. मला आनंद झाला. समोर माणूस कण्हत होता आणि मला आनंद झाला की तो बाबा नाही. आणि लगेच पुढच्या क्षणी वाटलं, मग बाबा कुठे आहेत? या यादीत नाहीत म्हणजे कुठल्या यादीत आहेत? आईनं डब्याचं झाकण उघडलं. चेपल्यामुळे ते निघत नव्हतं, तिनं पदरात धरून पिळलं. आत आमसुलं होती, काठोकाठ, दाबून भरलेली. "भरून हाडल्यान," ती म्हणाली. अकरा वर्षांनी तो आमचा डबा परत द्यायला निघाला होता.

तेवढ्यात सिस्टर आली. जाडजूड, आवाज खडा, पण डोळे रडून लाल झालेले. "सतरा नंबर कोणाचा? नातेवाईक आले का? पायाचं ऑपरेशन करायचंय, आता नंबर लागतोय. सही लागेल." तिच्या मागे व्हरांड्यात दहा-बारा माणसं नुसती जमिनीवर ठेवलेली होती, त्यांच्या गळ्यात चिठ्ठ्या होत्या आणि त्यांवर 'अनोळखी' एवढंच लिहिलेलं होतं. त्यांच्यासाठी विचारायला कुणी नव्हतं. मी म्हणाले, "सिस्टर, हे आमचे..." आणि आईनं माझं मनगट असं आवळलं की बांगडी फुटली.

"आमचोच," आई म्हणाली.

"तुम्ही कोण त्यांच्या? मिसेस?"

आईनं मान हलवली. होय.

"पूर्ण नाव सांगा पेशंटचं. इथे नुसतं य. स. आहे."

आणि इथे आईची अडचण झाली. खोटं बोलायला ती डगमगली नव्हती, पण नवऱ्याचं नाव घ्यायचं म्हणजे काय! तिनं जन्मात ते घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानात, शाळेत, कुठेही नाव सांगायची वेळ आली की ती मला पुढे करायची. आताही तिनं माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी कधी विसरणार नाही. बाबा कुठे आहेत, जिवंत आहेत की नाहीत, काही ठाऊक नव्हतं. आणि अशा वेळी त्यांचं नाव या दुसऱ्या माणसाला द्यायचं होतं, ते माझ्या तोंडानं. माझ्या मनात भीती आली की आपण हे नाव दिलं तर बाबांसाठी काही उरणार नाही. वेडी भीती, पण होती. व्हरांड्यातल्या त्या चिठ्ठ्या दिसल्या नसत्या तर मी गप्प बसले असते.

"यशवंत सखाराम घाडी," मी म्हणाले.

सिस्टरनं लिहिलं. आईनं पेन धरलं आणि सावकाश, एकेक अक्षर लावत, 'पत्नी' या शब्दापुढे सही केली. शांतारामला आत नेलं. मग ती मला म्हणाली, "तू जा, तुकारामभावजींका घेवन दुसऱ्यो याद्यो बघ. मी हंयसून हलूचंय नाय." मी विचारलं, तू का नाही येत? तुला बाबांचं काही नाही का? असं मी आईला विचारलं, माझ्या आईला. तिनं मला मारलं नाही. "माझा सगळा तुझ्या बापाशीकडेच आसा," ती म्हणाली. "पण ह्येका मी घरचो म्हटलंय. बाहेर इलो नि कोण नाय दिसला तर?"

मी आणि तुकारामकाका सगळ्या याद्या वाचत फिरलो. खालच्या एका खोलीत काका एकटेच गेले, मला दाराशी उभं केलं. ते बाहेर आले आणि नुसती मान हलवली, नाही. मी भिंतीला टेकून रडले. मग रांगेत जाऊन रक्त द्यायला उभी राहिले, काहीतरी करायचं म्हणून, तर माझं वजन कमी भरलं आणि त्यांनी मला हाकलून दिलं. मी परत आईकडे आले. शांताराम ऑपरेशनहून आला होता, पाय राहिला होता, असं सिस्टर म्हणाली. आई त्याचे ओठ ओल्या कापसानं पुसत होती.

आणि दिवेलागणी होऊन गेल्यावर वॉर्डाच्या दारात बाबा उभे.

ते प्रभादेवीला साडी देऊन निघाले होते, तेव्हा दादरच्या बाजूनं दणका ऐकला आणि दादरला माझा क्लास आहे हे आठवून ते तिकडे धावले. क्लासला कुलूप, जिन्यात काचा, आणि पायरीवर मुलीची एक चप्पल पडलेली. ती माझी नव्हती, पण घाबरलेल्या बापाला कुठली चप्पल आणि कुठलं काय. मी त्यांना हिंदमाताला शोधत होते तेव्हा ते मला दादरच्या गल्ल्यांत शोधत होते. तीन तास शोधून, आता बायकोला काय तोंड दाखवू म्हणत ते चाळीचा जिना चढले, तर तुकारामकाकांच्या बायकोनं त्यांना बघून किंकाळी फोडली आणि हातातली कळशी टाकून दिली. कारण बाबा तर हॉस्पिटलात, सतरा नंबरच्या खाटेवर होते.

बाबांनी मला छातीशी धरलं. त्यांच्या अंगाला घामाचा आणि नव्या साड्यांच्या खळीचा वास होता, आणि मला त्याहून चांगला वास आजवर भेटलेला नाही. आई जागची उठली नाही. तिनं डोळ्यांना पदर लावला आणि रागानं म्हणाली, "तुमी खंय होतात? जेवण कधीचा झाकून ठेवलंय." मग तिनं खाटेकडे बोट केलं आणि सगळं सांगून टाकलं. कठड्यावरचा डबाही सांगितला. "तुमची बायल म्हणान सय केलंय," असं शेवटी म्हणाली आणि मान खाली घातली.

बाबा खाटेजवळ गेले. चादर उचलून त्यांनी पाय पाहिले. मग चादर नीट केली आणि ते वॉर्डातून बाहेर गेले. मला वाटलं, संपलं. हा माणूस कधी विसरायचा नाही, आणि आता तर आपल्या नावावर तोच झोपलाय आणि बायकोनं सही केलीय. आईलाही तेच वाटलं असणार, कारण ती कापूस वाटीत बुडवत राहिली आणि ओठांना लावायची विसरली. तासाभरानं बाबा परत आले. शर्टाची बाही वर, कोपराच्या खोबणीत कापसाचा बोळा. आमच्यासाठी चहा आणि बनपाव आणला होता. त्यांचं रक्त शांतारामला गेलं की आणखी कुणाला, हे कळायला मार्ग नव्हता. त्या दिवशी सगळ्यांचं सगळ्यांना गेलं.

पुढचं थोडक्यात सांगते. शांताराम वाचला. तिसऱ्या दिवशी त्याची बायको, आता हिंडतीफिरती झालेली, आणि भाचा आले, खरं नाव लागलं, डॉक्टर आधी रागावले आणि मग हसले. हॉस्पिटलातून तो आमच्याकडे आला आणि दीड महिना राहिला. एक डोळा गेला आणि चालताना पाय ओढायचा, पण पुढे पुष्कळ वर्षं जगला. एवढी वर्षं का आला नाहीस, असं आईनं विचारलं तेव्हा म्हणाला, "वैनी, भरूक वस्तू होती. येवक तोंड नाय होता." बाबा आणि तो दुपारी गॅलरीत बसून संपाबद्दल कडाकडा भांडायचे, आणि दोघांपैकी एकानंही आपली बाजू शेवटपर्यंत सोडली नाही. आई, बाबा, शांताराम, आता तिघंही नाहीत. त्या शुक्रवारी या शहरात किती घरांतलं माणूस परत आलं नाही, आणि माझ्या वाट्याला एकाच्या ऐवजी दोन आले. यापरतं मी आणखी काय मागायचं होतं?

पण मला सांगायचं आहे ते दुसऱ्या दिवशी सकाळचं. आई रात्रभर खाटेशी बसून आता जमिनीवर कलंडली होती. शांतारामला नुकती शुद्ध आली होती, तो बांधल्या डोळ्यांनी आपण कुठे आहोत ते हातानं चाचपत होता. बाबा खाटेच्या कडेवर बसले होते. तीच सिस्टर वही घेऊन आली. नातेवाइकांना पास द्यायचे होते, पासाशिवाय कुणाला आत ठेवणार नव्हते.

"सतरा नंबर. यशवंत सखाराम घाडी," तिनं वाचलं. "मिसेस आहेत, मुलगी आहे." मग तिनं बाबांकडे पाहिलं. "तुम्ही कोण?"

आई खडबडून उठून बसली. आता खरं सांगावं तर सगळाच गोंधळ, सही खोटी, नाव खोटं. मी बाबांकडे बघितलं. संपाच्या दिवसांत त्यांचा चेहरा जसा व्हायचा तसा झाला होता.

"मी भाऊ यांचा," बाबा म्हणाले. "धाकटा."

"नाव?"

बाबांनी एकदा घसा खाकरला.

"शांताराम. शांताराम सखाराम घाडी."

सिस्टरनं लिहिलं, पास फाडून त्यांच्या हातात दिला आणि ती अठरा नंबरकडे वळली. खाटेवरून बारीक, फाटका आवाज आला, "यशवंता..."

बाबांनी वाकून त्याच्या छातीवर हात ठेवला.

"गप रव," ते म्हणाले. "हंयसर यशवंत तू. मी शांताराम."